प्रेम राहू द्या, लक्ष द्या

गेल्या महिन्यात एका समारंभाला गेले होते. पाळणाघरांत आणि अंगणवाड्यांत काम करणाऱ्या बायकांचा सत्कार होता. पाहुणे म्हणून आलेले गृहस्थ भाषणात म्हणाले की मुलं सांभाळणं बायकांना शिकवावं लागत नाही, ते त्यांच्यात उपजतच असतं. टाळ्या पडल्या. ज्यांचा सत्कार होता त्यांनीही वाजवल्या. शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसलं, तरी मी हात मांडीवरच ठेवले. घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं, आणि हे काम मला शिकवणाऱ्या मुळ्येबाईंची सारखी आठवण येत होती.

‘उपजत’ हा शब्द बाईंसमोर काढायची सोय नव्हती. त्या म्हणायच्या, बायकांना हे उपजत येतं असं जो म्हणतो त्याला तीन गोष्टी साधायच्या असतात. त्याला शिकवायचं नसतं, माणसं द्यायची नसतात, आणि काही बिघडलं तर बाईलाच धरायचं असतं. तेव्हा मला हे जरा जास्तच वाटायचं. पुढे ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

मी लग्न होऊन नागपूरहून भोपाळला आले. नवरा सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन. कारखान्याची टाउनशिप म्हणजे सारख्या रंगाची क्वार्टर्स, सारखी कुंपणं, आणि कोणाच्या नवऱ्याचा ग्रेड काय यावर ठरणाऱ्या मैत्र्या. कारखान्यात बायकाही कामाला होत्या, त्यांच्या मुलांसाठी पाळणाघर होतं. तिथली मंडळी त्याला झूलाघर म्हणत. ते चालवायचं अधिकाऱ्यांच्या बायकांचं मंडळ. या मंडळाने जाहीर केलं की मुलं सांभाळणाऱ्या बायकांसाठी ट्रेनिंगचा वर्ग निघणार आहे, आणि शिकवायला ग्वाल्हेरच्या एक बाई येणार आहेत. मी घरी बसून कंटाळले होते. नाव दिलं.

बाई तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. उंच, मोठ्या हाडाच्या, सुती साडी दोन्ही खांद्यांवर पिनांनी पक्की केलेली, मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांचं लग्न झालं होतं की नव्हतं यावर टाउनशिपमध्ये दोन पक्ष होते. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. वर्गातल्या हिंदी बोलणाऱ्या बायकांना ‘मुळ्ये’ म्हणता येईना. त्या ‘मुले मॅडम’ म्हणायच्या. बाईंनी सुरुवातीला दुरुस्त करून पाहिलं, मग सोडून दिलं. मला म्हणाल्या, “असू दे, याहून वाईट नावं ठेवतील पुढे.”

पहिल्या दिवशी मी वही, पेन घेऊन गेले. माझ्यासारख्या दोघीतिघी शिकलेल्या, बाकीच्या बहुतेक कामगारांच्या विधवा किंवा जवळच्या सोनागिरी वस्तीतून येणाऱ्या गरजू बायका. बाईंनी वह्या बाहेर ठेवायला लावल्या. जमिनीवर सतरंजी होती. जोड्या करून बसवलं आणि एका मोठ्या पातेल्यातून वरणभात वाढला. एकीने दुसरीला चमच्याने भरवायचं, आणि बाई सांगतील तसं. त्या सांगत गेल्या: विचारू नका, सरळ तोंडात घाला. गिळून व्हायच्या आत दुसरा घास तयार ठेवा. आता भरवता भरवता शेजारणीशी बोला. आता मागून येऊन तोंड पुसा, जोरात.

आधी हशा चालला होता. मग हळूहळू तो थांबला. मला भरवणारी बाई तगडी होती, तिने माझं तोंड पदराने असं पुसलं की माझी मान मागे गेली. पलीकडे कमला नावाची एक होती, बत्तीस-तेहतीसची, नवरा कारखान्यातच वारलेला. तिने समोरचीचा हात धरून चमचा बाजूला केला आणि म्हणाली, “बस. मैं कोई बोरी हूँ क्या, जो भरे जा रही है?”

बाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, “हेच. हे तुला बोलता येतं. त्यांना येत नाही.”

एवढाच त्या दिवशीचा धडा. मग सगळ्यांनी नीट जेवून घ्यायचं आणि घरी जायचं.

त्यांची शिकवण्याची रीत अशीच होती. मूल उचलायच्या आधी त्याला सांगायचं, की आता तुला उचलते आहे. महिन्याच्या मुलालाही सांगायचं. त्याला कुठे कळतं, असं कोणी म्हटलं की बाई म्हणायच्या, तुला तर कळतं ना, तू काय करते आहेस ते. दाराशी एक खिळा होता, आत जाण्याआधी बांगड्या काढून तिथल्या दोरीत ओवायच्या. सवाष्ण बायका यावर अडून बसल्या. आठवडाभर वाद चालला. शेवटी बांगड्यांवरून रुमाल बांधायचा अशी तोड निघाली, पण तोवर बाईंनी एकीलाही काचेच्या बांगडीसकट बाळाजवळ जाऊ दिलं नव्हतं.

मुलांचे मुके घेणं, ‘अले माझं शोनुलं’ करणं त्यांना खपत नसे. टाउनशिपमध्ये बोललं जायचं की या बाईला मुलंच आवडत नाहीत. एकदा मी हे त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागल्या. चष्मा पुसायला लागल्या की समजायचं, रागावल्यात. म्हणाल्या, “अगं, प्रेम करायला त्यांना आया आहेत. संध्याकाळी येतील, करतील. इथे प्रेम राहू द्या, लक्ष द्या. प्रेम करणारी बाई झोपलेल्या पोराचा मुका घेते. लक्ष देणारी त्याचा श्वास बघते.”

हे त्या पुढे इतक्या वेळा म्हणाल्या की वर्गातल्या बायका आपसात चेष्टेने म्हणायच्या. चहात साखर जास्त पडली की, “प्यार छोड़ो, ध्यान दो.”

मंडळाशी त्यांचं पहिल्यापासून पटलं नाही. मंडळाच्या सचिव भटनागर मॅडम. दिसायला सुरेख, बोलणं गोड, आणि दर वाक्यात ‘हमारे बच्चे’. दिल्लीहून कोणी मोठे साहेब येणार होते, तेव्हा त्यांनी मुलांना कागदी फुलांच्या टोप्या घालून व्हरांड्यात उभं करायचं ठरवलं. मे महिना होता. साहेबांची गाडी यायला उशीर झाला. मुलं उन्हात, टोप्यांचा रंग कपाळावरून ओघळायला लागलेला, एका पोरीने उभ्या उभ्या चड्डी ओली केली आणि मंडळातल्या कोणीतरी तिला दंडाला धरून मागच्या रांगेत ढकललं. बाई आत होत्या. बाहेर आल्या, ते पाहिलं, आणि एकेका मुलाला “चला, आत जाऊया” असं सांगत सगळी रांग आत नेली. टोप्या व्हरांड्यात पडल्या.

साहेब आले तेव्हा स्वागताला फक्त बायका होत्या. मुलं जेवत होती. साहेब आत निघाले तर बाईंनी त्यांना दारात बूट काढायला सांगितले, कारण रांगणारी मुलं जमिनीवर हात ठेवतात आणि तेच तोंडात घालतात. साहेबांनी काढले. आत आले, पाहिलं, दोन प्रश्न विचारले, गेले. त्यांना काही वाटलं नाही. वाटलं ते मंडळाला.

पुढच्या वर्षी सरकारी कारखान्यांत खर्च कमी करायचे दिवस आले. कुठे कमी करायचा? पाळणाघरात चौघीजणी होत्या, त्यांच्या दोघी केल्या. उरलेल्या दोघींत एक कमला. भटनागर मॅडमनी सभेत जे कारण सांगितलं ते मी स्वतः ऐकलं आहे, त्याला आज इतकी वर्षं झाली तरी ते माझ्या अंगात जळतं. त्या म्हणाल्या की आता आपल्या बायका ट्रेंड आहेत. पूर्वी चार अडाणी बायका जे करत, ते आता दोन शिकलेल्या करू शकतात. ट्रेनिंगचा हाच तर फायदा.

बाई त्या सभेत होत्या. त्यांनी आयुष्यभर जे शिकवलं त्याचा असा उपयोग झालेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. त्या उठून म्हणाल्या की हे चालणार नाही, एखादं मूल जाईल यात. सभेने पुढचा विषय घेतला. त्यानंतर त्या ज्याला त्याला हेच सांगत राहिल्या. मंडळाला, कारखान्याच्या कार्मिक विभागाला, एकदा तर लग्नाच्या पंगतीत अधिकाऱ्यांना. लोक त्यांना टाळायला लागले.

आणि मग गुड्डीचं झालं.

गुड्डी दीड वर्षाची. तिची आई मीना कारखान्यात कॉइल विभागात. त्या दुपारी मीना दूध पाजायला सुट्टीत आली तर पोर उठेना. हलवलं, गालावर पाणी मारलं, मान नुसती लोंबत होती. मी तेव्हा शेजारच्या बालवाडीच्या खोलीत मदतीला होते. मीनाचा आवाज ऐकून धावले. वर्ग सोडून आलेल्या बाईंनी पोर तिच्या हातातून घेतलं, पालथं केलं, तोंडात बोट घालून पाहिलं, आणि कारखान्याची जीप कुठे आहे असं ओरडल्या. मी त्यांना ओरडताना तेवढंच एकदा ऐकलं. जीप मिळाली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय दिलं होतं? कमला भिंतीला टेकून उभी होती. तिने सांगितलं. खोकल्याचं औषध, ज्याने झोप येते ते. ती रोजच देत होती, थोडं थोडं, सगळ्यांना. त्या दिवशी गुड्डी किरकिर करत होती म्हणून परत एकदा दिलं.

बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं मारतात. कमला म्हणाली, “एक रोए तो सब रोते हैं, मैडम. मेरे दो ही हाथ हैं.” बाई वळल्या आणि मीनाशेजारी जाऊन बसल्या.

गुड्डी वाचली. वाचली म्हणून बाकीच्यांना पुढचे खेळ करायला मोकळीक मिळाली.

चौकशी बसली. आदल्या संध्याकाळी कार्मिक विभागातले कुलकर्णी साहेब जवाहर चौकाजवळ बाईंच्या दोन खोल्यांत आले. मी तिथे होते, चहा मीच केला. कुलकर्णी भला माणूस होता, भल्या माणसांना अशा कामाला पाठवतात. त्यांनी ग्वाल्हेरच्या नातेवाइकांची चौकशी केली, भोपाळात आपली मराठी माणसं किती थोडी असं म्हणून झालं, आणि मग विषयावर आले. बाईंनी उद्या एवढंच सांगायचं की कमलाला सगळं नीट शिकवलेलं होतं, औषध द्यायचं नाही हेही शिकवलेलं होतं, तरी तिने दिलं. यात खोटं काहीच नाही. प्रकरण तिथेच मिटेल आणि बाईंचा वर्ग चालू राहील. मंडळ तर म्हणतं आहे की वर्गाला मोठी खोली देऊ.

बाईंनी चष्मा काढला.

“मी शिकवलं हे खरं,” त्या म्हणाल्या. “तिने ऐकलं नाही हेही खरं. आणि तुम्ही चौघींच्या दोघी केल्यात हेही खरं. मी तिन्ही सांगणार. त्यातलं एकच ऐकायचं असेल तर मला बोलावू नका.”

“बाई, त्या एका कमलापायी शंभर बायकांचं शिकणं बंद पाडाल.”

“कमलापायी नाही, कुलकर्णी. तिची मला बिलकुल दया येत नाही. पण उद्या मी एकच सांगितलं, तर परवा तुम्ही दोघींची एक कराल. आणि सांगाल, मुळ्येबाईंनी शिकवलेली आहे.”

कुलकर्ण्यांनी चहा अर्धाच प्यायला. जाताना मला म्हणाले, वहिनी, तुम्ही तरी समजवा. मी दार लावून घेतलं.

चौकशीत बाईंनी तिन्ही सांगितलं. मी बाहेरच्या बाकावर होते, दार उघडं होतं. भटनागर मॅडम म्हणाल्या, पण तुम्हीच तर सर्टिफिकेट दिलंत की या बायका ट्रेंड आहेत. बाईंचं हिंदी एरवी मराठी वळणाचं, पण ते वाक्य त्यांनी स्वच्छ उच्चारलं: “ट्रेनिंग देने से औरत के चार हाथ नहीं निकल आते.”

मग कागद हलवल्याचा आवाज आला. पुढच्या माणसाला बोलावलं. पण खरं बोललं म्हणून जिंकायला होतं असं थोडंच आहे? कमलाला काढलं. ते ठीकच होतं, मी तिची बाजू घेत नाही. महिन्याभरात बाईंनाही कळवलं की वर्गाची आता गरज उरलेली नाही. मीनाने नोकरी सोडली, कारण गुड्डीला परत तिथे ठेवायची तिची छाती होईना. आणि भटनागर मॅडमचा त्या वर्षी उत्कृष्ट समाजकार्याबद्दल टाउनशिपच्या क्लबात सत्कार झाला. वर्गाच्या खोलीत केक शिकवायला लागले. मी रोज त्या खोलीवरून जायची. भाजलेल्या मैद्याचा वास यायचा. आजही तो वास आला की माझे दात आवळतात.

बाईंनी आपल्या घरी रविवारी वर्ग सुरू केला. खोलीत पंधरा बायका मावत नसत, काही जिन्यात बसायच्या. मी जायची. एका रविवारी कमला आली. तिने बाईंचे पाय धरले, बाईंनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, “माझ्याकडे काय आलीस? आधी मीनाकडे जा. काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग. मग ये.”

कमला गेली. मीनाने ऐकून घेतलं आणि तिच्या थोबाडीत मारली. हे कमलानेच पुढच्या रविवारी येऊन सांगितलं. बाई म्हणाल्या, बस. ती सगळ्यांत मागे बसली, जिन्यात, आणि सहा-आठ महिने येत राहिली. बाईंनी तिला पहिल्या धड्यापासून सगळं परत करायला लावलं. तिच्याशी कधी मऊ बोलल्या नाहीत.

एकदा सगळ्या गेल्यावर मी विचारलं, तिला माफ केलंत का. “नाही,” त्या म्हणाल्या. “मला अजून तिच्याकडे बघवत नाही. पण तिला पोट आहे, पदरी दोन पोरी आहेत. ती कुठेतरी मुलं सांभाळणारच, दुसरं तिला येतं काय? मी दार लावलं तर ती चांगली होणार आहे का? नुसती माझ्या नजरेआड होईल.”

असं त्यांचं चार-पाच वर्षं चाललं. मग गुडघे गेले, जिना चढवेना, घरमालकालाही खोल्या हव्या झाल्या. ग्वाल्हेरहून भाऊ न्यायला आले. जायचा दिवस मला कळवला नव्हता, वर्गातल्या एका बाईकडून कळला. मी तोवर पाळणाघरातच काम करत होते, कमलाला काढल्यावर तिच्या जागेवर मलाच घेतलं होतं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि हबीबगंज स्टेशनला गेले.

गाडी लागलेली होती. बाई खिडकीशी बसल्या होत्या, भाऊ सामान लावत होते. मी पुरणपोळ्या आणल्या होत्या, डबा गजांतून जाईना म्हणून एकेक पोळी कागदात गुंडाळून आत दिली. मला रडू येत होतं. बाईंना नव्हतं येत. त्यांनी विचारलं, पाळणाघरात आता किती जणी आहात?

दोघीच, मी म्हटलं.

“आणि मुलं?”

वाढली आहेत, मी म्हटलं.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग म्हणाल्या, “तू इथे. मग तिथे कोण आहे?”

मी सांगितलं की माझ्याबरोबरची सुशीला आहे, दुपारपुरतीच एकटी, आणि मी रीतसर रजा मंजूर करून घेतली आहे.

“रजा तुला दिली,” बाई म्हणाल्या. “मुलांना कोण दिलं?”

मी म्हटलं, बाई, गाडी सुटेपर्यंत तरी थांबते, परत कधी भेट होईल. तशी त्यांनी हात गजांतून बाहेर काढला आणि जिन्याकडे बोट केलं. “जा. ऑटो कर. आत्ता जा.”

मी निघाले. जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवरून वळून पाहिलं. गाडी अजून हललेली नव्हती. बाईंचं तोंड खिडकीत दिसत होतं, त्या अजून बोलत होत्या, भावाला की मला ते कळलं नाही, प्लॅटफॉर्मवरच्या गोंगाटात एक शब्द ऐकू येत नव्हता. मी थांबलेली पाहून त्यांनी पुन्हा हात हलवला, निरोपाचा नव्हे, हाकलायचा. मी पुलावरून धावत सुटले. गाडी सुटल्याचा आवाज मला ऑटोत ऐकू आला.